तीस लाख पानं जपायला हडूप लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शंभरी ओलांडलेलं एक वाचनालय, १२ हजार जुनी पुस्तकं आणि मासिकांचे बांधीव खंड स्कॅन करून झालेत, ३० लाखाच्या आसपास पानं, प्रत्येक पानाची एक टिफ फाईल (म्हणजे पानाचं चित्र), सगळं मिळून साधारण ३८ टीबी. आता एका व्हेंडरने 'बिग डेटा बेस्ड डिजिटल प्रिझर्व्हेशन' अशा नावाचं कोटेशन दिलंय, त्यात सहा सर्व्हरचं हडूप क्लस्टर आहे (हडूप म्हणजे बरीच मशीन एकत्र जोडून, त्या जोडणीला क्लस्टर म्हणतात, प्रचंड डेटा साठवायचं आणि त्यावर काम करायचं सॉफ्टवेअर), आणि कार्यवाह विचारतायत की घ्यावं का, आणि नाही घेतलं तर मग करायचं काय.

आधी उत्तर देतो मग कारणं. घेऊ नका. हडूप वाईट आहे म्हणून नाही, माझी बरीच वर्षं त्यातच गेलीत आणि योग्य ठिकाणी ते खरंच भारी काम करतं. पण तुमचं घोडं अडलंय दुसरीकडे. कुठल्या पुस्तकाच्या फाईली नेमक्या कुठल्या डिस्कवर आहेत, आणि स्कॅन झालं त्या दिवशी होत्या तशाच त्या आज आहेत का, हे आज तुमच्याकडे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. क्लस्टर घेतलं तरी हे सांगता येणार नाहीये, फक्त न सांगता येणाऱ्या गोष्टी जास्त महागड्या जागी जाऊन बसतील.

हिशेब करून बघू. डेमी साईजचं पान, ३०० डीपीआय, कलर, कॉम्प्रेशन नाही, म्हणजे फाईल साडेबारा एमबीच्या आसपास, गुणिले ३० लाख, तुमचे ३८ टीबी बरोबर जुळतात. जतन करायचं म्हणजे किमान वर्षातून एकदा प्रत्येक फाईल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचायची, तिचा चेकसम (फाईलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने निघणारा आकडा, फाईल जराशी बदलली तरी हा बदलतो) काढायचा आणि आधी लिहून ठेवलेल्या चेकसमशी ताडून बघायचा. साधी हार्डडिस्क सेकंदाला १५० एमबी वाचते असं धरलं तर ३८ टीबीला लागतात ७० तास. शुक्रवारी संध्याकाळी लावून घरी गेलात तर सोमवारी दुपारी चार-पाचला झालेलं असतं, आणि डेटा चार डिस्कवर वाटलेला असेल आणि चारही एकदम चालवल्या तर एका दिवसाच्या आतच. ह्याला क्लस्टर कशाला?

आता व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन नॅशनल लायब्ररीचं बघा. त्यांनी गुगलबरोबर करार करून सुमारे ६ लाख जुनी पुस्तकं स्कॅन करून घेतली, २० कोटी पानं. तुमच्या टिफच्या मापाने मोजलं तर ती एका डिस्कच्या वेगाने नुसती वाचायलाच साडेसहा महिने लागतील. ते जेपीईजी २००० नावाचा दाबून साठवणारा इमेज फॉरमॅट वापरतात म्हणून त्यांचा आकार बराच कमी होतो, तरीपण एका मशीनचं काम नाहीच ते. हे लोक, ब्रिटिश लायब्ररी, डच आणि डॅनिश लायब्रऱ्या असे बरेच जण 'स्केप' नावाच्या युरोपियन युनियनच्या प्रोजेक्टमध्ये होते, २०११ ते २०१४, आणि लायब्ररीच्या जतनासाठी हडूप कसं वापरायचं ह्याचा खरा अभ्यास तिथे झाला.

त्यातलं एक काम मला अजून आवडतं. स्कॅन केलेल्या पानाची कड चुकून कापली गेली असेल तर ते कसं ओळखायचं? २० कोटी पानं माणूस बघू शकत नाही. त्यांनी काय केलं, ओसीआरच्या (पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखायचं सॉफ्टवेअर) फाईलमध्ये मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकची रुंदी लिहिलेली असते ती काढली, इमेजच्या मेटाडेटातून, म्हणजे फाईलबद्दलच्या माहितीतून, इमेजची रुंदी काढली, आणि पुस्तकवार दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. ज्या पुस्तकात हे गणित विचित्र दिसेल तेवढंच माणसाने उघडून बघायचं. आणि हे करताना सगळ्यात डोकेदुखी कसली झाली, तर छोट्या फाईलींची. हडूपची फाईल सिस्टीम १२८ एमबीचे ब्लॉक डोळ्यासमोर ठेवून बनवलेली, आणि ओसीआरची एक फाईल असते काही केबीची. प्रत्येक फाईलला वेगळा टास्क सुरू झाला तर खरं काम राहतं बाजूला आणि टास्क चालू-बंद करण्यातच दिवस जातो. म्हणून आधी सगळ्या बारक्या फाईली एका मोठ्या सीक्वेन्स फाईलमध्ये भरायच्या आणि मग काम लावायचं. अमेरिकेतल्या हाथीट्रस्टने (तिथे पावणेदोन कोटींहून जास्त खंड आहेत) हे दुसऱ्या बाजूने सोडवलंय, एका पुस्तकाची सगळी पानं एका झिपमध्ये आणि शेजारी त्या पानांची माहिती देणारी एक एक्सएमएल फाईल, बास. तुमच्या व्हेंडरच्या कोटेशनमध्ये ३० लाख सुट्या टिफ जशाच्या तशा क्लस्टरवर टाकायच्या असं लिहिलंय, त्यावरूनच कळतं की त्याने हे काम आधी केलेलं नाही.

आता त्या 'तीन कॉपी'बद्दल, कारण विकताना हेच सांगतात. हडूप प्रत्येक ब्लॉकच्या तीन कॉप्या वेगवेगळ्या मशीनवर ठेवतं हे खरं आहे. प्रत्येक ५१२ बाइटला चेकसम असतो आणि साधारण तीन आठवड्यातून एकदा मागच्या मागे तपासणीही होते, हेही खरं. एखादी डिस्क मेली तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही इतक्या सहज ते सावरून घेतं. पण चुकून कोणी फोल्डर डिलीट केलं तर तिन्ही ठिकाणाहून जातं. तिन्ही मशीन एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच ॲडमिन पासवर्डखाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो चेकसम फाईल क्लस्टरवर आल्यानंतरचा असतो, व्हेंडरच्या पोर्टेबल डिस्कवरून कॉपी होताना फाईल अर्धवट आली असेल तर हडूप ती अर्धवट फाईलच इमानेइतबारे तीन ठिकाणी सांभाळत बसेल. ह्याला मी एकच कॉपी धरतो.

रॅन्समवेअरचं, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, तर विचारूच नका. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये हल्ला झाला आणि नंतर मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा सविस्तर रिपोर्ट काढला, जो मी सगळ्या लायब्ररीवाल्यांना वाचायला सांगतो. त्यात लिहिलंय की डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित कॉप्या त्यांच्याकडे होत्या, डेटा वाचला होता, पण तो परत लावायचा कुठे ह्यासाठी चालू स्थितीतली यंत्रणाच उरली नव्हती, म्हणून सेवा महिनोनमहिने बंद. म्हणजे बॅकअप आहे इतकं पुरत नाही, वर्षातून एकदा कोऱ्या पीसीवर चिठ्ठ्या टाकून पन्नासेक पुस्तकं निवडून ती बॅकअपवरून उभी करून बघायला पाहिजेत, वेळ किती लागला आणि कोणाकोणाला फोन करावे लागले हेसुद्धा लिहून ठेवायचं.

मग तुम्ही काय करायचं. प्रत्येक पुस्तकाचं एक फोल्डर, नाव म्हणजे तुमच्या दाखल रजिस्टरमधला दाखल क्रमांक, आणि ते फोल्डर बॅगइट पद्धतीचं. ही पद्धत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्नियाच्या डिजिटल लायब्ररीच्या लोकांनी बसवली, २०१८ पासून तिचा आरएफसी (इंटरनेटवाल्यांचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज) आहे, ८४९३ नंबरचा. दिसायला इतकी साधी आहे की कार्यकारिणीत दाखवली तर लोक म्हणतील ह्याचे पैसे कसले. आत 'डेटा' नावाचं फोल्डर, त्यात पानं. बाहेर मॅनिफेस्ट नावाची साधी टेक्स्ट फाईल, त्यात प्रत्येक ओळीवर आधी ६४ अक्षरी शा-२५६ चेकसम आणि पुढे फाईलचा पत्ता. ३१२ पानं असतील तर ३१२ ओळी. सोबत 'बॅगइट' नावाची दोन ओळींची आणखी एक टेक्स्ट फाईल, बास एवढंच. पण पन्नास वर्षांनी आजचं एकही सॉफ्टवेअर उरलं नसलं तरी नोटपॅडमध्ये उघडून कळेल की किती फाईली पाहिजेत आणि कुठली बिघडलीय. स्कॅनिंग करणाऱ्याकडून माल घेतानाच बॅग मागायची, म्हणजे चेकसम स्कॅनरच्या टेबलावरचा असेल, आपल्याकडे पोचल्यानंतरचा नाही.

इथे एक मराठी भानगड आहे जी इंग्रजी मॅन्युअल वाचून कळणार नाही. फाईलींना देवनागरी नावं देऊ नका. भाषेचं प्रेम मलाही आहे पण ऐका. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या कोडमध्ये, दोन प्रकारे साठवता येतं, एक अख्खं अक्षर म्हणून आणि दुसरं म्हणजे र आणि नुक्ता असे दोन कोड मिळून. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात. मॅकची जुनी फाईल सिस्टीम, एचएफएस प्लस, फाईलचं नाव न विचारता दुसऱ्या प्रकारात बदलून ठेवायची. आता समजा 'वऱ्हाड' नावाची फाईल विंडोजवर बनली, मॅनिफेस्ट तिथेच झालं, आणि मधे कोणीतरी ती मॅकवर फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून फिरवून आणली. तपासणी लावली की मॅनिफेस्ट म्हणतं वऱ्हाड गायब, आणि डिस्क म्हणते ही काय समोर आहे, आणि तुम्ही दोन्ही नावं शेजारी ठेवून बघता तर काडीचाही फरक दिसत नाही. म्हणून नावात फक्त आकडे आणि साधी रोमन अक्षरं, पुस्तकाचं मराठी नाव कॅटलॉगमध्ये, जिथे ते शोधताही येतं.

मग एक टेबल बनवा, ३० लाख ओळींचं, प्रत्येक फाईलची एक ओळ: दाखल क्रमांक, पान, साईज, रुंदी, उंची, चेकसम, शेवटचं कधी तपासलं. एक्सेलमध्ये घालायला जाऊ नका, एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींना संपते. एसक्यूलाईट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये आरामात बसतं, डकडीबी हा तसलाच दुसरा डेटाबेस वापरलात तर लॅपटॉपवर काही सेकंदात उत्तरं येतात. एकदा हे टेबल झालं की खरी मजा सुरू होते. एकाच पुस्तकात बाकी सगळी पानं साडेबारा एमबीची आणि एकच साडेचारची, म्हणजे ती फाईल कॉपी होताना तुटलेली, उघडली तर वरचा भाग दिसतो आणि खाली सगळं करडं. कॅटलॉगमध्ये २८८ पानं आणि फाईली २८६, म्हणजे स्कॅन करणाऱ्याने दोन पानं एकदम उलटली. एकच चेकसम दोन दाखल क्रमांकांवर, म्हणजे 'फायनल' आणि 'फायनल २' अशी दोन फोल्डरं आलेली आहेत आणि त्यातलं एक दुसऱ्या पुस्तकाच्या नावावर चढलंय. असल्या चुका प्रत्येक संग्रहात सापडतात, अपवाद मी तरी बघितलेला नाही, आणि त्या जितक्या लवकर सापडतील तितकं बरं कारण मूळ पुस्तक अजून कपाटात आहे तोवर ते परत स्कॅन करता येतं.

जागा वाचवायची असेल तर टिफचं लॉसलेस जेपीईजी २००० करता येतं, साधारण निम्म्या जागेत बसतं, आणि त्या फाईली तपासायला जेपायलायझर नावाचं छोटं टूल आहे, ते डच नॅशनल लायब्ररीत तयार झालं, त्याच स्केप प्रोजेक्टच्या काळात. फुकट आहे. पण घाई नाही, आधी टेबल.

मोठं मशीन तुम्हाला एका ठिकाणी खरंच लागेल आणि ते म्हणजे ओसीआर. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठीचं मॉडेल आहे, नव्या छपाईवर बरं चालतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईवर, विशेषतः जोडाक्षरं दाटीने बसवलेली असतील तिथे, रडवतं. पानाला पाच सेकंद धरा, ३० लाख पानांना प्रोसेसरच्या एका कोअरवर १७४ दिवस. सोळा कोअरवर ११ दिवस. एक पान दुसऱ्या पानावर अवलंबून नाही म्हणून काम हवं तितकं वाटता येतं, मशीन अकरा-बारा दिवसांसाठी भाड्याने घ्या आणि काम झालं की सोडून द्या, विकत घेऊन एएमसी भरत बसू नका. एक टीप, टेसरॅक्टच्या प्रत्येक प्रोसेसला एकच थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम) वापरायला सांगा, नाहीतर सोळा प्रोसेस आपापले थ्रेड काढून एकमेकांच्या अंगावर येतात आणि वेग वाढायच्या ऐवजी कमी होतो.

कॉप्या तीन पाहिजेत, पण खऱ्या तीन. एक वाचनालयात झेडएफएस (चेकसम सांभाळणारी फाईल सिस्टीम) असलेल्या स्टोरेजवर, ज्याला महिन्यातून एकदा सगळं वाचून तपासायला लावून ठेवता येतं. दुसरी वायरीपासून सुटी, म्हणजे कपाटातल्या डिस्क किंवा टेप, रॅन्समवेअरला पोचताच येणार नाही अशी. तिसरी दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर, तिथे ऑब्जेक्ट लॉक लावून, म्हणजे ठरलेल्या मुदतीत तुम्ही स्वतः म्हटलंत तरी डिलीट होणार नाही. टेपबद्दल थोडं सावध राहा. एलटीओ ही डेटा टेपची पद्धत, तिच्या नवव्या पिढीची, एलटीओ-९ ची, एक टेप १८ टीबीची, म्हणजे तुमचा अख्खा संग्रह तीन टेपमध्ये, ऐकायला स्वस्त वाटतं, पण ड्राईव्ह लाखांत जातो, आणि खोक्यावर टेप तीस वर्षं टिकते असं लिहिलेलं असलं तरी एलटीओ-९ चा ड्राईव्ह फक्त एक पिढी मागची, एलटीओ-८ टेप वाचतो, सातवाली नाही. टेप टिकून उपयोग काय. एकट्या वाचनालयाने ड्राईव्ह घ्यायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे, दोन-तीन वर्षांनी डिस्क बदलत राहणं परवडतं.

आणि दुसरं गाव निवडताना नकाशा बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत वाचनालयाची पुस्तकं पाण्यात गेली, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात तेच. सांगलीवाल्यांनी दुसरी कॉपी जवळ पडते म्हणून कोल्हापुरात ठेवली असती तर २०१९ च्या त्याच आठवड्यात कोल्हापुरातही पाणी होतं. कॉपी वेगळ्या नदीच्या खोऱ्यात पाहिजे, आणि नदीकाठी तर नकोच.

माझ्या मते एकट्याने मोठं क्लस्टर घेण्यापेक्षा आठ-दहा जुन्या वाचनालयांनी एकत्र यावं, एक अमरावतीचं, एक नाशिकचं, एक रत्नागिरीचं असं. स्टॅनफर्डमध्ये १९९९ ला लॉक्स नावाची सिस्टीम सुरू झाली ती ह्याच विचारावर आहे. प्रत्येकाकडे एक साधं मशीन, सगळ्यांकडे एकमेकांच्या कॉप्या, आणि ही मशीन अधूनमधून एकमेकांना विचारत राहतात की तुझ्याकडच्या अमुक फाईलचा चेकसम काय येतो. ज्याचा वेगळा येईल तो बाकीच्यांकडून चांगली कॉपी घेऊन स्वतःला दुरुस्त करतो. इथे दहा संग्रह मिळून तीनेक कोटी पानं होतील, सगळ्यांकडे मिळून एकच मासिक किती जणांनी स्कॅन केलंय हे इमेजवरून ओळखायचं काम निघेल, आणि तिथे मग स्पार्क (हडूपसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) किंवा हडूप काढा, मी स्वतः येऊन लावून देतो.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं उदाहरण ह्यासाठीच लक्षात ठेवा. बेंगळुरूचं आयआयएससी आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन ह्यांच्या मिलियन बुक्स प्रोजेक्टमधून लाखो भारतीय पुस्तकं स्कॅन झाली, मराठीही भरपूर. मूळ साईट आता चालत नाही. आज आपण ती पुस्तकं वाचतो ती इंटरनेट आर्काईव्हवर गेलेल्या कॉपीमुळे, 'इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५' असल्या नंबराने. जुनं मराठी पुस्तक शोधणाऱ्या प्रत्येकाने तो नंबर बघितलाय आणि प्रत्येकाला हेही माहितीये की पुस्तक तिथे असूनही सापडत नाही, कारण नाव रोमनमध्ये कसंही टाईप झालेलं असतं. फाईल वाचली, कॅटलॉग फाटका राहिला. तुमच्या ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं हाताने लिहिलेली कार्डं आहेत ना, ती टाईप करायला माणूस ठेवा, क्लस्टरच्या एका सर्व्हरच्या पैशात ते काम होऊन जाईल.

शेवटची एक गोष्ट प्रश्नात नव्हती पण प्रश्नासोबत पाठवलेल्या फोटोत मागे दिसली म्हणून लिहितोय. टेबलाखाली सीडींचा खोका आहे, वर 'स्मरणिका व दिवाळी अंक १९९८ ते २००६' असं लिहिलेलं. त्या बहुतेक पेजमेकरच्या (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) फाईली असणार, मजकूर श्रीलिपी नाहीतर तसल्याच कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये. पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन ७, २००१ सालचं. ॲडोबीच्या इनडिझाईन ह्या नंतरच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये, सीएस ६ पर्यंत, त्या फाईली उघडायच्या, नव्या क्लाउडवाल्या व्हर्जनमध्ये उघडत नाहीत. आणि उघडल्या तरी तो मजकूर युनिकोड नाही, फॉन्ट नसेल तर 'वाचनालय' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भडिमार दिसतो. स्कॅन केलेल्या टिफ अजून वीस वर्षं उघडतील ह्याची मला काळजी नाही, पण ह्या सीडी घरी राईट केलेल्या आहेत, वीस-पंचवीस वर्षांच्या, त्यातल्या काही आत्ताच वाचल्या जात नसतील. एखाद्या कॉलेजच्या पोराला जुना सीडी ड्राईव्ह देऊन बसवा, प्रत्येक सीडीची अख्खी इमेज काढून घ्या, फॉन्टच्या फाईली असतील त्याही सोबत ठेवा, आणि ज्या डीटीपीवाल्याने अंक केले त्याला आजच फोन करून बघा त्याच्याकडे जुना पीसी अजून आहे का. कन्व्हर्टर नंतर शोधता येईल.